हाताशी आलेली मुलं

छावणी भूकंपग्रस्तांची असो की लढाईतून जीव वाचवून आलेल्यांची, पोषण तपासणीचा एक ठरलेला दिवस असतो. आरोग्यसेविकेच्या हातात लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगाची एक अरुंद पट्टी असते. ती बाळाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळायची, अलगद ओढायची आणि खाचेत कोणता आकडा येतो ते वाचायचं. ११५ मिलिमीटरच्या खाली आला की मूल अतितीव्र कुपोषित, उपचार तिथल्या तिथे सुरू. ही पट्टी सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांसाठी असते. पण रांगेकडे जरा नीट पाहिलं तर बरीच बाळं आईच्या कडेवर नसतात, तेरा-चौदा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतात. आई शिध्याच्या रांगेत उभी असते, नाहीतर आई राहिलेलीच नसते. बाळाचा दंडघेर मोजला जातो, वहीत नोंद होते, पोषक आहाराची पाकिटं हातात पडतात. बहीण बाळाला दुसऱ्या कडेवर घेते आणि चालू लागते.

तिचा दंड कोणी मोजत नाही. तिची पाळी नुकतीच सुरू झालेली असते, घरात ती सगळ्यांच्या मागून जेवते, जिना चढावा तसा टेकाड चढताना तिला दम लागतो. वहीत तिची नोंद झालीच तर ‘सोबत कोण आलं’ या रकान्यात होते.

आपत्तीनंतरच्या मदतकार्यात किशोरवयीनांकडे दुर्लक्ष होतं, असं नेहमी म्हटलं जातं. मला हे निदान अर्धवट वाटतं. दुर्लक्ष होतं ते नजरेआड असणाऱ्यांकडे. ही मुलं तर दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. पाण्याचे डबे तीच वाहतात, ढिगारा उपसायला तीच असतात, धाकट्यांना तीच सांभाळतात. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना दोन भाषा येणारा मुलगा लागतो, तोही त्यांच्यातलाच. मराठीत मूल जरा मोठं झालं की ‘हाताशी आलं’ म्हणतात. त्यात कौतुक आहे आणि हिशोबही आहे. संकटात हिशोबाची बाजू वर येते, कौतुकाची खाली जाते. ही मुलं उपयोगी आहेत, आणि उपयोगी पडणाऱ्या माणसाला काही दुखतखुपत असेल हे कुणाच्या मनात येत नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही. आरोग्याच्या मोहिमा या वयाला चुकतात त्याचं मूळ मला इथे दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं. मदतकार्याच्या लेखी मात्र हा काळ दोन गटांच्या मधल्या फटीत पडतो. आरोग्य विभागाला पाच वर्षांखालची मुलं दिसतात आणि गरोदर नाहीतर अंगावर पाजणाऱ्या बायका दिसतात. मधली मुलगी त्यांना दिसायची तर आधी तिचं पोट दिसावं लागतं. मुलगा तोवरही दिसत नाही. तो दिसतो तो सुरक्षेच्या बैठकीत, धोका म्हणून.

याची किंमत केवळ नाजूक विषयांत मोजावी लागते असंही नाही. साध्या लसीचं घ्या. ऑगस्ट २०१७पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आले. त्याच वर्षअखेरीला तिथे घटसर्पाची साथ उसळली. अनेक तरुण डॉक्टरांनी जो आजार फक्त पुस्तकात वाचला होता, तो समोर उभा राहिला. रुग्णांमध्ये शाळकरी वयाची मुलं मोठ्या संख्येनं होती. ज्यांच्यापर्यंत नियमित लसीकरण कधी नीट पोचलंच नव्हतं अशा समाजात पाचच्या आतल्यांना टोचून भागत नाही. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र फेऱ्या कराव्या लागल्या. घटसर्प आणि धनुर्वाताची वर्धक मात्रा ९ ते १५ या वयात द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शांततेतही अनेक देशांत ही मात्रा राहून जाते. आता ती राहून गेलेला मुलगा अनवाणी ढिगाऱ्यावर उभा आहे आणि गंजलेली सळई ओढतो आहे, एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या अचे प्रांतात धनुर्वाताचे शंभराहून अधिक रुग्ण नोंदले गेले. सगळ्या वयांचे होते ते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसं ढिगाऱ्याखाली आहेत, पटकीची भीती आहे, पाणी नाही. अशा वेळी किशोरवयीनांचं आरोग्य, पाळी, गर्भनिरोधन, मनाची घालमेल हे विषय थांबू शकत नाहीत का? आधी जीव, मग बाकीचं. ऐकायला हे रास्त वाटतं. पण या वयात ‘बाकीचं’ म्हणून जे बाजूला ठेवलं जातं त्यातलं बरंच जिवाशीच येतं. कमी वयातलं बाळंतपण, बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं असलेलं एचआयव्ही प्रतिबंधक औषध, इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाचं संपलेलं इन्सुलिन. यातली कुठली गोष्ट तीन महिन्यांनी करता येण्यासारखी आहे? मदत संस्थांनी हे १९९०च्या दशकातच ओळखलं होतं. संकटाच्या पहिल्या दिवसांपासून प्रजनन आरोग्याच्या किमान कोणत्या सेवा द्यायच्या याचा एक संच त्यांनी तेव्हाच ठरवला. २०१८च्या सुधारणेत नको असलेली गर्भधारणा टाळणं हे त्यातलं स्वतंत्र उद्दिष्ट झालं. किशोरवयीनांसाठी याच धर्तीची वेगळी पुस्तिका २००९ सालीच निघाली आहे. कागद कमी पडलेले नाहीत.

कमी पडतं ते वेळापत्रक. तपासणी केंद्र सकाळी दहाला उघडतं आणि चारला बंद होतं. नेमक्या त्याच वेळात ही मुलं रांगेत, विहिरीवर किंवा मजुरीवर असतात. केंद्रासमोरची रांग उघड्यावर. आत गेलं तर दोन खोल्यांमध्ये ताडपत्रीचा पडदा, पलीकडच्या खाटेवर शेजारची काकू. सोळा वर्षांची मुलगी तिथे काय बोलणार? ती डोकं दुखतंय म्हणून सांगते, गोळी घेते आणि जाते. अहवालात तिची भेट ‘डोकेदुखी’ म्हणून मोजली जाते आणि महिनाअखेरीला कुणीतरी निष्कर्ष काढतं, की या वयात फारशा तक्रारी नाहीत.

पाळीचंही असंच. एप्रिल २०१५च्या भूकंपानं नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसं गेली आणि लाखो घरं पडली. कित्येक कुटुंबं महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली राहिली, एकेका आडोशात अनेक जण. अशा ठिकाणी मदतीच्या पिशव्या वाटल्या जातात. त्यांत कापडी पॅड, साबण, अंतर्वस्त्रं, कधी विजेरी आणि शिट्टीही असते. पिशवी चांगलीच आहे. पण कापडी पॅड धुवायचं कुठे, आणि त्याहून अवघड म्हणजे वाळवायचं कुठे? ते उन्हात वाळायला हवं, आणि ऊन फक्त मोकळ्या मैदानात असतं, जिथे सगळं गाव बसलेलं असतं. मग ते ओलंच अंथरुणाखाली जातं आणि दुसऱ्या दिवशी तसंच वापरलं जातं. आठवड्यानं खाज, जळजळ सुरू होते. त्यानंतर तिथे स्वच्छतेवर व्याख्यान ठेवलं जातं! व्याख्यानाआधी आडोशाला एक दोरी बांधली असती तर अर्धं काम झालं असतं. संडासाचंही तसंच. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांप्रमाणे वीस माणसांमागे एक संडास हवा, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. हा आकडा गाठल्याचं अहवाल अभिमानानं सांगतात. कडी आतून लागते का, रात्री वाटेवर उजेड आहे का, हे आकड्यात येत नाही. मुली संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. लघवीच्या जागेचा संसर्ग घेऊन आलेल्या मुलीला ‘पाणी भरपूर पी’ असं सांगणाऱ्या डॉक्टरनं आधी ती वाट एकदा अंधारात चालून पाहावी.

मग मोहीम पोचते कशी? याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उत्तर सिएरा लिओनमधलं आहे. १९९१ ते २००२ असं अकरा वर्षांचं यादवी युद्ध सोसून हा देश उभा राहत होता, तोच २०१४ साली इबोलानं गाठलं. शाळा जवळपास नऊ महिने बंद राहिल्या. त्या काळात सुमारे १८ हजार किशोरवयीन मुली गरोदर राहिल्या. योगायोगानं त्याच सुमारास २०० गावांत एक अभ्यास चालू होता. काही गावांत मुलींसाठी मंडळं सुरू झाली होती, काहींत नव्हती. मंडळ म्हणजे काय, तर एक खोली, वयानं थोडीच मोठी अशी एक ताई, आठवड्यातल्या काही ठरलेल्या वेळा, खेळ, गप्पा, शरीराबद्दलची माहिती, एखादं कामाचं कौशल्य. साथीचा तडाखा जिथे जास्त होता आणि मंडळ नव्हतं, तिथल्या मुलींमध्ये लग्नाबाहेरची गर्भधारणा वाढली, आणि शाळा उघडल्यावर परतणाऱ्या मुलींची संख्या घसरली. मंडळ असलेल्या गावांत ही पडझड बरीच सावरली गेली. कारण काय सापडलं? मुलींचा पुरुषांबरोबर जाणारा वेळ कमी झाला होता.

मी हे वाचलं तेव्हा थोडा थांबलो. आपल्याला वाटतं माहिती हे औषध आहे; पत्रकं छापा, तक्ते लावा, मुलं शहाणी होतील. इथे औषध होतं ते एक दार, जिथून आत जाऊन बसण्याचा मुलीला हक्क होता आणि ‘कुठे चाललीस’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. त्या वेळेपुरती ती कुणाच्या उपयोगाची नव्हती.

मनाच्या आरोग्याबद्दल जरा कठोर बोलायला हवं. संकटानंतर मुलांना रंगीत खडू द्यायचे, चित्रं काढायला लावायची, हा आता मदतकार्याचा जणू विधी झाला आहे. त्या चित्रांचे फोटो छान येतात. उत्तर युगांडात बंडखोरांनी आपल्या सैन्यात पळवून नेऊ नये म्हणून हजारो मुलं रोज रात्री पायी शहरात झोपायला जायची. तिथल्या विस्थापितांच्या छावण्यांत १४ ते १७ वर्षांच्या ३१४ मुलामुलींवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नातेसंबंधांवर बेतलेली गटचिकित्सा दिली गेली, दुसऱ्याला सर्जनशील खेळ, तिसरा गट प्रतीक्षेत. खेळानं नैराश्य कमी झालं नाही. गटचिकित्सेनं मुलींमध्ये लक्षणीय फरक पडला, मुलग्यांमध्ये तसा पडला नाही. खेळू नये असा याचा अर्थ नाही. खेळ मुलांचा हक्कच आहे, त्याला उपचाराची सबब कशाला? पण नैराश्यानं घेरलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या भावाशेजारी बसवून सूर्य आणि डोंगर रंगवायला लावणं यात त्याचा थोडा अपमानही आहे. आणि घडलेलं सगळं एका बैठकीत ओकून टाकायला लावण्याची पद्धत तर जागतिक आरोग्य संघटनेनं केव्हाच नाकारली आहे. त्यापेक्षा माणसाच्या शेजारी शांत बसावं, त्याची आत्ताची गरज विचारावी आणि ती पुरी होईल तिथवर त्याला पोचवावं, हे प्रथमोपचारासारखं काम तिनं पुढे केलं आहे.

मुलग्यांचा प्रश्न इथे उघडा पडतो. मुलग्याला मोहिमेत आणायचं तर त्याला ‘बोल’ म्हणून चालत नाही. तो कामाच्या ओघात बोलतो, सायकल दुरुस्त करताना, चेंडू शोधताना, हातात पाना असताना. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की तो गप्प. त्याच्यासाठी आरोग्याचं दार कामाच्या जागेतून उघडावं लागतं: धनुर्वाताची सुई, हातमोजे, पायात बूट, आणि ते देणारा माणूस पुढच्या आठवड्यातही तोच असणं. सिएरा लिओनच्या युद्धात लहानपणी सैनिक केल्या गेलेल्या मुलांचा संशोधक थेरेसा बेटनकोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२पासून पाठपुरावा केला. पुढे या मुलांचं मन कितपत सावरलं हे केवळ युद्धात काय भोगलं यावर ठरलं नाही. परतल्यावर गावानं आणि घरानं कसं वागवलं, यावरही ते मोठ्या प्रमाणात ठरलं. त्याच देशात शस्त्रं खाली ठेवण्याच्या कार्यक्रमाचा लाभ कित्येक मुलींना मिळाला नाही, कारण त्यांच्याकडे जमा करायला बंदूक नव्हती. त्यांना टोळ्यांनी स्वयंपाकाला, ओझ्याला आणि ‘बायको’ म्हणून वापरलं होतं. तिथेही उपयोग सगळ्यांनी करून घेतला, यादीत नाव मात्र आलं नाही.

आणि परवानगी कुणाची घ्यायची? फिलिपिन्समध्ये ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान चक्रीवादळानं सहा हजारांहून अधिक बळी घेतले. तिथल्या २०१२च्या प्रजनन आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीनांना सरकारी केंद्रात गर्भनिरोधक साधनं हवी असतील तर आई-वडिलांची किंवा पालकांची लेखी परवानगी लागते. आधीच आई झालेल्या किंवा गर्भपात होऊन गेलेल्या मुलींना त्यात सूट होती. वादळानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल २०१४मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला, पण ही सूट काढून टाकली. कायद्याची तात्त्विक बाजू घटकाभर बाजूला ठेवू. जिच्या घरात सही करणारं माणूसच वाहून गेलं आहे, तिनं कागद कुणापुढे धरायचा? संकटकाळासाठी आरोग्य यंत्रणेला स्वतःच्या जबाबदारीवर सेवा देण्याची मुभा कायद्यातच, संकट यायच्या आधी, लिहून ठेवलेली हवी. पूर आल्यावर परिपत्रक काढू म्हणणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आई-वडिलांना खलनायक ठरवण्याचा मोह मात्र टाळायला हवा. जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांच्या नोंदणीकृत विवाहांत अल्पवयीन वधूंचं प्रमाण २०११ साली १२ टक्के होतं. २०१४च्या सुरुवातीला ते ३२ टक्क्यांच्या घरात गेलं. हे सगळे बाप अचानक दुष्ट झाले नव्हते. तंबूला दार नाही, मजुरीला परवाना नाही, मुलीवर रात्री लक्ष ठेवायला कोणी नाही. लग्न हे त्यांना कुलूप वाटलं. त्यांना लवकर लग्नाचे तोटे सांगणारं पत्रक दिलं तर ते मान डोलावतात आणि ठरलेली तारीख बदलत नाहीत. कुलपाला पर्याय द्यावा लागतो: घरभाडं, रोजगार, मुलीच्या शाळेची सुरक्षित वाट. आरोग्य खात्याचं हे काम नाही असं आरोग्य खातं म्हणेल. मग निदान ज्याचं काम आहे त्याच्या दारात तरी त्यानं जाऊन बसावं. पालकांपासून लपवून चालवलेली मोहीम एका अफवेत बंद पडते, हे मदतकार्यात मुरलेला कुणीही सांगेल. सभा पालकांसमोर उघड, खोलीतलं बोलणं मात्र मुलाचं आणि सेविकेचं, हा करार पहिल्याच दिवशी मोठ्यांकडून मान्य करून घ्यावा.

एक कबुली या क्षेत्रातल्यांनीही द्यायला हवी. मोहिमा चालवायला पुन्हा हीच मुलं वापरली जातात. ‘समवयस्क शिक्षक’ असं भारदस्त नाव, एक टोपी, एक टी-शर्ट आणि वर्षभर फुकट राबणूक. कुणाच्या आत्महत्येच्या विचारांची गोष्ट सोळा वर्षांच्या मुलीनं ऐकून घ्यायची, ती पोटात ठेवायची, आणि रात्री तिला झोप लागत नाही हे विचारायला कोणी नाही. मुलांचा सहभाग हवाच. मंडळ कुठे भरावं, किती वाजता भरावं, कोणती ताई नको, हे त्यांनीच ठरवावं. पण निर्णयात घेणं वेगळं आणि राबवून घेणं वेगळं. मोठ्या मुलांना मानधन द्या, लहानांना काम देऊ नका, आणि ऐकणाऱ्याचं ऐकायला एक मोठं माणूस नेमा. दहा वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांची आई यांना एकाच सतरंजीवर बसवून एकच भाषण देण्याचा प्रकारही यानिमित्तानं बंद झाला तर बरं.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो पैशाचाच प्रश्न आहे. संकटानंतरचा निधी बहुतेक वेळा काही महिन्यांचा असतो. पहिल्या महिन्यात बाळं, जखमी, साथ; योग्यच आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात किशोरवयीनांचा कार्यक्रम मंजूर होतो, सहाव्यात ताईची नेमणूक होते, आठव्यात मुलं तिच्याशी बोलायला लागतात आणि नवव्यात प्रकल्प संपतो. मुलीचं लग्न, मुलाचं व्यसन, शाळा कायमची सुटणं, हे बहुधा त्यानंतरचं असतं, तंबू उठून पत्र्याची घरं झाल्यावरचं. म्हणून मला वाटतं, या कामाचा निधी पहिल्याच दिवशी निदान तीन वर्षांसाठी वेगळा काढावा आणि त्याचा हिशोब दुसऱ्या वर्षी किती मुलं येत राहिली यावर मागावा. किती पत्रकं वाटली, हे विचारूच नये.

सिएरा लिओनच्या त्या मुलींचं पुढे काय झालं? एप्रिल २०१५मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारनं दिसण्याइतपत गरोदर असलेल्या मुलींना वर्गात बसायला आणि परीक्षा द्यायला बंदी घातली. इतर मुलींवर वाईट परिणाम होईल, असं कारण दिलं गेलं. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या न्यायालयानं डिसेंबर २०१९मध्ये ही बंदी भेदभावाची ठरवली. ३० मार्च २०२० रोजी ती उठली. दुसऱ्याच दिवशी देशात कोविडचा पहिला रुग्ण सापडला आणि शाळा पुन्हा बंद झाल्या. बंदी लागली तेव्हा जी पंधरा वर्षांची होती, ती तोवर वीस वर्षांची झाली होती आणि तिचं मूल शाळेत घालण्याच्या वयाचं.